जावा, व्ह्यूअर आणि माझा बाप्तिस्म्याचा दाखला

हसणार नसाल तर सांगते. नाहीतर हसा बापडे, आता लपवायचं काय उरलंय!

इथे कॅनडात, मार्कहॅमला माझ्या मैत्रिणीच्या, सेलिनच्या नातीचा बाप्तिस्मा होता. गॉडमदर कोण? अस्मादिक! फादरांची अट एकच: माझा स्वतःचा बाप्तिस्म्याचा दाखला संध्याकाळपर्यंत दाखवायचा. नाहीतर तो मान सेलिनच्या नणंदेला. छे! जीव गेला तरी नाही!

वसईच्या आमच्या चर्चमधून दाखल्याची फाईल आली. उघडेचना! फोन केला, तर तिथले क्लार्क म्हणाले, "बाय, आमची सिस्टीम जुनी. आधी कॉम्प्युटरवर जावा नावाचं सॉफ्टवेअर टाका, मग फाईल दाखवणारा आमचा व्ह्यूअर टाका. मग फाईलवर डबल क्लिक करा, की झालं."

जावा विचारतं, बत्तीस बिट की चौसष्ट? मला काय ठाऊक! जास्त ते बरं, म्हणून चौसष्ट घेतलं. मग व्ह्यूअर टाकला.

डबल क्लिक केलं. एक गोल फिरला आणि गायब झाला. परत क्लिक. परत गोल, परत गायब! जावा काढून पुन्हा टाकलं. मनातल्या मनात हेल मेरीची प्रार्थना म्हटली. मग रागारागाने क्लिकवर क्लिक केलं, अकरा वेळा तरी!

"मॉम, जस्ट रीस्टार्ट इट!" लेक ओरडली.

"आणि एवढं इन्स्टॉल केलेलं पुसलं गेलं तर?" मी कसली ऐकतेय!

खाली आमच्या बेसमेंटमध्ये रोझरीच्या प्रार्थनेला फादर आणि आमच्या वसईच्या बायका जमल्या होत्या. तिथून एकदम हसण्याचा आवाज आला. रोझरीत कोण हसतं हो?

धावत खाली गेले. बघते तर टीव्हीभर माझा दाखला! एकावर एक, अकरा खिडक्या! आदल्या दिवशी फोटो दाखवायला मीच लॅपटॉप वायफायवरून खालच्या टीव्हीला जोडला होता आणि तसाच ठेवला होता. व्ह्यूअर बिचारा दर क्लिकला इमानदारीत तिथे उघडत होता.

आणि त्यात ठळक काय? माझी जन्मतारीख. सालासकट! याच बायकांनी गेल्या वर्षी केक कापून माझी पन्नाशी केली होती.

"दाखला पाहिला. गॉडमदर पक्की," फादर हसू दाबत म्हणाले.

"पण बाय, तू छप्पन्नची?" सेलिन किंचाळली.

"छे गं! व्ह्यूअर बिघडलाय. तारीख चुकीची दाखवतो!"

तेवढ्यात जिन्यावरून लेक ओरडली, "नो मॉम! इट्स वर्किंग परफेक्टली!"

अख्खी दुपार मी हेच वाक्य ऐकायला तळमळत होते.