नखाएवढा अँटेना

प्रयोगशाळेत तिला सगळे नखताई म्हणत, कारण ती बनवत असलेला अँटेना जेमतेम करंगळीच्या नखाएवढा होता. नव्या फोनमधल्या मिलिमीटर लहरींसाठी तो लहान हवा आणि त्याचा लहरी पकडण्याचा पट्टाही रुंद हवा, म्हणजे एकाच वेळी पुष्कळ माहिती वाहून नेता येते. पण लहान केला की पट्टा आक्रसतो, पट्टा वाढवला की अँटेना ऐसपैस होतो. या ओढाताणीत तिची दोन वर्षं गेली. तेवढ्यात घरी, दूरच्या गावी, आईने अंथरूण धरलं. साहेबांनी शब्द दिला होता, "हा पास झाला की महिनाभर सुट्टी. मी फोनसुद्धा करणार नाही!"

मंगळवारी मोजणी झाली. भिंतीभर लहरी शोषणाऱ्या काळ्या फोमचे सुळके लावलेल्या खोलीतून मोजणीवाले काका बाहेर आले ते हसतच. "नखताई, तिकीट काढा!"

आलेख खरोखरच देखणा होता. पाच मिनिटं ती हरखून बघत राहिली. मग तिच्या मनात पाल चुकचुकली. हिशोबात निघालेल्या पट्ट्याच्या हा चक्क दीडपट रुंद. इतकं गुणी बाळ आपल्या पोटी कसं? केबल जोडायचा पितळी कनेक्टर अँटेनाच्या तिप्पट मोठा होता. तोच लहरी फेकत असेल तर?

"काका, कनेक्टरला फोम गुंडाळून पुन्हा बघू या."

"कशाला पायावर धोंडा पाडून घेताय? साहेबांनी पाहिलंय, खूश आहेत."

फोमचा तुकडा हातात घेऊन ती थबकली. उद्या संध्याकाळी आईच्या उशाशी बसता आलं असतं. तिच्या केसांतून हात फिरवता आला असता. कोण विचारणार होतं?

मग तिने फोम गुंडाळला. पट्टा निम्म्यावर आला.

"बोलली नसतीस तर मला कळलंही नसतं," साहेब म्हणाले. रागवावं की शाबासकी द्यावी, हे त्यांनाच उमगेना. कनेक्टर अँटेनापासून लांब राहील अशी नवी प्लेट करायची ठरली. ती यायला तीन आठवडे, मग पुन्हा मोजणी. तोवर सुट्टी नाही.

तिने व्हरांड्यातून घरी फोन लावला. दादाने तो आईच्या कानाशी धरला.

"निघालीस का गं?"

"नाही, आई. काम चुकलंय. अजून महिना जाईल."

"एवढंसं नखाएवढं ते, त्याला किती गं वेळ?"

"एवढंसं आहे म्हणूनच."

आई हसली, मग खोकली. "नीट करूनच ये. अर्धवट टाकून आलीस तर इथे बसून त्याचाच विचार करशील. मी काय, आहेच इथे."

दादा फोन बंद करायला विसरला. तिनेही केला नाही. पलीकडून भांड्याचा आवाज आला, खिडकी लावल्याचा आला. मग आईचा, जरा लांबून,

"कधी येते म्हणाली रे?"