‘गुड’च्या पुढचे शब्द

शाळेतली नोकरी सांभाळून मी नंदुरबारला दर रविवारी सकाळी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेत असे. खोली एका किराणा दुकानाच्या वरची. मिरचीच्या दिवसांत वाळवणाच्या पथाऱ्यांवरून वारा आला की अख्खा वर्ग शिंकायचा आणि शिकवणं पाच मिनिटं थांबायचं. येणारे बहुतेक तरुण होते. नर्सिंगच्या मुली, परीक्षांची तयारी करणारी मुलं. त्यांच्यात एके दिवशी पासष्टीच्या पुढचे एक शेतकरी येऊन मागच्या बाकावर बसले. पांढरा सदरा, पायजमा, गुडघ्यावर नवी वही. त्यांना काय म्हणायचं हे मुलांना सुचेना, म्हणून सगळे आबा म्हणू लागले. मीही.

तापीकाठच्या गावाहून ते सकाळच्या एसटीने येत. पहिल्या दिवशी वर्ग सुटल्यावर त्यांनी मला येण्याचं कारण सांगितलं. त्यांचा एकुलता एक मुलगा कॅनडात नोकरीला होता. आदल्या वर्षी कामावर असतानाच छातीत दुखून गेला. वय छत्तीस. अंत्यविधी तिकडेच झाले, अस्थी सुनेच्या भावाने इकडे आणल्या आणि आबांनी त्या तापीत सोडल्या. सून आणि सात वर्षांची नात तिकडेच राहिल्या. नात दर रविवारी फोनवर दिसायची. तिला मराठी येत नव्हतं, आबांना इंग्रजी. सून मूळची नाशिकची, ती मधे बसून दोघांचं बोलणं सांगायची. पण नवऱ्याचा विषय निघाला की उठून जायची. आणि नात नेमकं तेच विचारायची, माझे पप्पा लहानपणी कसे होते?

“गुड, गुड बॉय, इतलंच येस माले,” आबा म्हणाले. “मन्हा पोऱ्या कसा व्हता, हाई तिले सांगानं शे, मॅडम.”

माझ्याकडे यावर उपाय तयार होता. भिंतीवर मी एक तक्ता लावला होता. डावीकडे नेहमीची विशेषणं, गुड, बॅड, बिग, सॅड, आणि प्रत्येकासमोर त्याच अर्थाचे चार-पाच शब्द. मुलं ते घोकत आणि निबंधात पेरत. आबांना मी ‘गुड’ची ओळ उतरवून घ्यायला सांगितली. त्यांनी देवनागरीत लिहून घेतली, काइंड, जेंटल, ऑनेस्ट, आणि एकेकाचा अर्थ विचारला. ऑनेस्टवर त्यांचं पेन थांबलं. हे नको म्हणाले. मुलगा लहानपणी बऱ्याच थापा मारायचा. एकदा आजारी वासरू बाजारात जाऊ नये म्हणून त्याने ते दोन दिवस कपाशीच्या गाठोड्यांमागे लपवलं होतं आणि विचारलं तर सुटून गेलं म्हणाला होता. मला हसू आलं. आबाही हसले आणि त्यांनी तो शब्द खोडला.

त्यांना हवा होता तो शब्द ‘शांत’. मुलगा फार कमी बोलायचा. शेतात बांधावर बसला की तासभर हलायचा नाही, पाखरं पायाजवळ येऊन टिपायची. मी त्यांना क्वाएट दिला. तो त्यांच्या जिभेवर बसेना. कधी क्वाइट, कधी कोट. पुढच्या बाकावरच्या मुली तोंड लपवून हसायला लागल्या, तशी मला घाई झाली. मी तक्त्यावर क्वाएटच्या ओळीत बोट ठेवलं आणि म्हणाले, “आबा, हा घ्या, सोपा आहे. स्टिल. अर्थ तोच.”

अर्थ तोच नव्हता, हे मला ठाऊक होतं. स्टिल म्हणजे निश्चल, आणि स्टिल म्हणजे ‘अजूनही’. पण वर्गात पंचवीस जण होते आणि मला पुढच्या ओळीवर जायचं होतं. आबांनी वाक्य पाठ केलं, युवर पापा वॉज स्टिल. आठवडाभर म्हणत राहिले असावेत.

पुढच्या रविवारी ते आले ते आनंदातच. सकाळीच फोन झाला होता. वाक्य ऐकून नात जागच्या जागी उड्या मारायला लागली, म्हणाले. खूप काही विचारत होती, ते समजलं नाही. पण तिला इतकं हसताना बापाच्या मागे पहिल्यांदाच पाहिलं. मी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

त्याच्या पुढच्या रविवारी ते मागच्या बाकावर बसून राहिले, वही उघडली नाही. सगळे गेल्यावर जवळ आले. मधल्या आठवड्यात सुनेचा फोन येऊन गेला होता. आबांच्या बोलण्यातला ‘वॉज’ घाईत गळून गेला होता. नातीने ऐकलं ते ‘पप्पा अजूनही’. तिने विचारलं, अजूनही तुमच्या घरी आहेत? पप्पाला आजोबांच्या गावी नदीवर नेलंय, एवढंच आईने तिला अस्थी पाठवताना सांगितलं होतं. मरण हा शब्द त्या घरात कुणी उच्चारलाच नव्हता. आबांना प्रश्नातलं पापा आणि हाउस एवढंच कळलं.

“माले समजनं नही,” ते म्हणाले. “ती हसी ऱ्हायंती. मी यस यस म्हनी दिधं.”

त्यानंतर पोरीने दप्तर रिकामं करून त्यात पप्पाचा स्वेटर आणि स्वतःची दोन चित्रं भरली होती आणि आईला विमानाचं विचारत होती. तेव्हा कुठे आईला सगळं सांगावं लागलं. तेव्हापासून ती फोनवर यायला तयार नव्हती.

मी खुर्चीत बसले. शब्द मी दिला होता, सोपा म्हणून दिला होता, हे मी आबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

“तुमनी चूक नही, मॅडम.”

ते असं म्हणाले, म्हणून मला ते आणखीच सोसेना. मी सुनेचा नंबर घेऊन तिला फोन केला आणि झालं ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मॅडम, मी वर्षभर तिला खरं सांगू शकले नाही. बाबांना बोल लावणारी मी कोण?” मग ती रडायला लागली. दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी मी तो तक्ता भिंतीवरून काढला. नंतर मी एका वेळी एकच शब्द शिकवू लागले आणि तो कुठे चालणार नाही तेही सांगू लागले. वर्ग मागे पडला. मुलं कुरकुरली.

चार-पाच महिन्यांनी नात परत फोनवर यायला लागली. शाळा, जेवण, बर्फ एवढं बोलायची. बापाबद्दल तिने पुन्हा विचारलं नाही. आबा मात्र वर्गाला येत राहिले. आता त्यांना एकच वाक्य नीट शिकायचं होतं, तुझा प्रश्न मला समजला नव्हता, मला माफ कर. फोनवर सांगणार नाही म्हणाले, समोर सांगेन.

दोन वर्षांनी थंडीत सून मुलीला घेऊन आली. आबांनी मलाही बोलावलं, काही अडलं तर असावं म्हणून. मी गेले तेव्हा नात ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. उंच झाली होती, केस बापासारखे कुरळे, असं आबांच्या बायकोने मला हळूच सांगितलं. आबा तिच्यासमोर पाटावर बसले. सून दारात उभी होती. त्यांनी वाक्य सावकाश, पूर्ण म्हटलं. एकही शब्द गळला नाही.

मुलीने शेंग खाली ठेवली. त्यांच्याकडे नीट बघितलं. मग दोन-तीन शब्द बोलली, उठली आणि गोठ्याकडे गेली. तिथे सकाळीच व्यालेली गाय होती.

“काय बोलनी ती?” आबांनी मला विचारलं.

“काही हरकत नाही, म्हणाली.”

“इतलंच?”

“इतकंच, आबा.”

ते पाटावर तसेच बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं असतील. सुनेने पदर डोळ्यांना लावला आणि आत गेली. गोठ्यातून मुलीचा आवाज येत होता, ती गाईशी इंग्रजीत काही बोलत होती. शेवटी आबांनी जमिनीला हात टेकला, उठले, आणि आत बघून पानं वाढायला सांगितलं.