दोनाजीभाऊंचं शास्त्र

चंद्रपूरची एसटी भद्रावतीच्या थांब्यावर आली की सगळे दाराकडे धावायचे आणि दोनाजीभाऊ मागे सरकायचे. सर्वांत शेवटी चढून दाराशीच उभे राहायचे आणि चंद्रपूर आलं की सगळ्यांच्या आधी उतरायचे. "शास्त्रात लिहून आहे," खाली उभं राहून ते आम्हाला सांगायचे, "शेवटचे ते पहिले होतील. एसटीसाठीच लिहिलं आहे ते."

भाऊ आमचे शेजारी. गावच्या तलावात मासे धरायचे, शनिवारी मारुतीला तेल घालायचे. एकदा पाय मोडून मिशनच्या दवाखान्यात पडले होते. शेजारच्या खाटेवरचे म्हातारे गुरुजी रोज मोठ्यानं बायबल वाचत. भाऊंचा पाय वर टांगलेला. "उठून जाता येत नव्हतं, मंग का करता? आयकलं," ते म्हणायचे. दवाखान्यातून ती वचनं त्यांनी गावात आणली आणि जिथं बसतील तिथं बसवून टाकली.

पंगतीत वाढपी पुढे निघाला की "मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल" म्हणत ते पुन्हा भात घ्यायचे. न्हाव्यानं एका बाजूची दाढी केली की "दुसराही गाल पुढे करा" म्हणत मान वळवायचे. पुढे गावभर 'दुसरा गाल' म्हणजे अर्धं राहिलेलं काम, असा अर्थच झाला. "आज येत नाई बाई, धानाच्या रोवण्याचा दुसरा गाल बाकी आहे," असं माझी आईसुद्धा म्हणायची.

मग एका वर्षी तलावात जाळं आधी कोणी टाकायचं, यावरून मासे धरणाऱ्यांत दोन तट पडले. तलावाच्या काठच्या पाळीवर काठ्या निघाल्या. भाऊ मधे पडले, तर त्यांचा सख्खा पुतण्या विलास, ज्याला त्यांनीच पोहायला शिकवलं होतं, त्यानं त्यांच्या थोबाडीत मारली. भाऊंनी गाल चोळला आणि दुसरा पुढे केला.

"काका, हे काऊन?" विलासनं विचारलं.

"एकच गाल लाल दिसला तं लोक विचारतीन, कोणं मारलं. मी कोणाचं नाव सांगू? दोन्ही लाल दिसले तं म्हणतीन, दोनाजीची तब्येत सुधारली."

कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. विलास तेवढा खाली बसून रडला. त्या दिवशी जाळी एकत्र पडली. मासे मात्र नावालाच निघाले.

गेल्या उन्हाळ्यात भाऊ अंथरुणाला खिळले. विलासच त्यांचं सगळं करायचा. एका सकाळी भाऊ म्हणाले, "माही खाट तलावाकडं फिरव." विलासनं आणि मी फिरवली. "ऊन लागून राह्यलं डोळ्यावर." पुन्हा उचलली. "आता भितच दिसते नुसती." आम्ही तिसऱ्यांदा उचलली.

"आता बराबर आहे का, काका?" विलासनं विचारलं.

भाऊंचे डोळे तलावाकडे लागले ते लागलेच. भाऊ काहीतरी खोड काढतील म्हणून आम्ही दोघं बराच वेळ खाट तशीच धरून उभे होतो.