बसवली की हसवली

माझा मामा शिंपी आहे आणि त्याची नक्कल सगळ्यात सोपी. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात पेन धरायचं आणि ते न पाडता बोलायचं. ओठ मिटत नाहीत, त्यामुळे प, ब, म ही मंडळी बाहेरच पडत नाहीत. मामाच्या तोंडात पेनाऐवजी सिगारेट असायची, एवढाच फरक. 'बटणं बसवली' हे तो 'हटणं हसवली' म्हणायचा. गिऱ्हाइकं सरावली होती. मामी मात्र माझी नक्कल बघून डोळे पुसेपर्यंत हसायची.

मग मामाची बोटं सुजायला लागली. सकाळी मूठच वळेना. टाचणी चिमटीत येईना, टेबलावर नुसती सरकत राहायची. शिंप्याची टाचणी गेली म्हणजे दुकानच गेलं. मामा मापं घेऊन कापड पलीकडच्या शिंप्याकडे धाडायला लागला, आणि मामीचं हसणं आटलं.

"आमवात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाज शाळेच्या घंटेसारखा. "शरीराचे पहारेकरी बिथरलेत. घरच्याच सांध्यांना चोर समजून बडवतायत. सिगारेट ओढता?"

"ओढत नाही हो. नुसती ओठात असते. निम्मी वाराच ओढतो."

"मग वाऱ्याचे सांधे का नाही सुजले?"

मामाने सुजलेली बोटं टेबलाखाली घेतली.

"सिगारेटनेच झालं असं छातीठोक नाही सांगत. पण ओढणाऱ्यांना हा जास्त गाठतो, जास्त छळतो आणि गोळ्यांचा पुरता गुणही येऊ देत नाही. गोळ्या मी देते, धूर तुम्ही थांबवा."

मामाने शपथ घेतली. मामी रोज दुपारी दुकानात फोन करायची. पलीकडून उत्तर यायचं, "सोडली, सोडली." मामी खूश. माझे कान टवकारले. या शब्दात प, ब, म आहेतच कुठे? एकदा फोन मीच ओढून घेतला.

"मामा, माझ्या कोटाची बटणं बसवली का रे त्या शिंप्याने?"

"हसवली."

"हसवली म्हणतोय," असं सांगून मी फोन मामीला दिला. "बटणं हसली ना," ती म्हणाली, "आता मी येते तुम्हाला रडवायला."

त्यानंतर मात्र खरंच सुटली. मामा काही दिवस कात्रीवरसुद्धा खेकसत होता. पुढे गोळ्या लागू पडल्या, सूज उतरत गेली, आणि प, ब, म इतके ठणठणीत झाले की माझी नक्कल कोणी ओळखेना.

आणि काल मामीने फोन केला. "बाही बसवली का हो?"

"हाही हसवली."

मामीने तडक चपला घातल्या. वाटभर ती पुटपुटत भाषण जुळवत होती, मागे मी. दुकानात एक गिऱ्हाईक अर्धवट कोटात उभं होतं. मामाच्या ओठांत टाचण्यांची रांग. त्याने एक काढली, चिमटीत धरली, बाहीत खोचली. मग दुसरी. बोट अजून जरा वाकडंच, पण टाचणी सरळ गेली.

मामी दारातच थांबली. अख्खं भाषण गिळलं आणि नाक ओढून म्हणाली, "तोंडात टाचण्या धरू नका. गिळाल एखादी."

"हरं," मामा म्हणाला.