न लिहिलेल्या अळ्या

पोस्टमॉर्टेम रिपोर्टमध्ये मी अळ्या लिहिल्या नाहीत. त्या होत्या. धोतराच्या निऱ्यांत चांगल्या वळवळत होत्या.

दुष्काळातला उन्हाळा होता. खर्ड्याकडच्या एका गावात मी सरकारी डॉक्टर होतो. गावातले भजनी तात्या शेतातल्या खोपटात मेलेले सापडले. डोक्याला मार होता. त्यांचा मुलगा रावसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाला, "डाक्टरसाहेब, किडं पडल्याचं तेवढं लिहू नका. पाप्याला किडं पडत्यात म्हंत्यात लोक. बहिनीची सोयरीक व्हायचीय."

मला दया आली. एवढ्या मोठ्या अळ्या म्हणजे मरून तीन दिवस तरी झालेले. त्या गाळल्या आणि मृत्यू आदल्या दिवशीचा लिहिला. घराण्याची अब्रू राहिली. मला चहा मिळाला.

आदल्या दिवशी शेताकडे कोण गेलं होतं? तात्यांचा सालगडी किसन. त्याआधी आठवडाभर तो भूमला बहिणीकडे होता, पण ते आता कोण विचारतो? पोलिसांनी त्याला भर गावातून दोरी बांधून नेलं.

नगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे एक प्राध्यापक होते. आपल्याकडच्या उन्हात अंड्याची माशी व्हायला किती दिवस लागतात, हे पाहायला ते मटणावर माशा वाढवत. अभ्यासासाठी त्यांनी तात्यांचे कपडे मागितले, तेव्हा फौजदार हसले, "माशांना मटण, आणि आम्हाला वांगी!" पण तात्यांच्या कपड्यांचं सीलबंद गाठोडं त्यांनी पाठवलं. प्राध्यापकांनी ते जाळीच्या पिंजऱ्यात उघडलं. आतून माशा उडाल्या.

फौजदारांनी मला बोलावलं. प्राध्यापकही तिथे बसले होते. "डॉक्टर, अळ्या नव्हत्या ना? मग ह्या माशा काय सील वाचून आत गेल्या?"

"अंडी सील करताना आत गेली असतील," मी म्हणालो.

"मग अजून कोशातच असत्या," प्राध्यापक शांतपणे म्हणाले. "अंडी त्याच्या तीन दिवस आधीची आहेत."

फौजदार उदार होते. "राहू द्या हो. माशांची साक्ष कोर्टात कोण घेतंय?"

माझी सुटका होत होती, किसनची नव्हे. मी दुसरा रिपोर्ट लिहिला. वरून मेमो आला: मत बदलल्याने खात्याची प्रतिष्ठा कमी होते. डॉक्टरने दया औषधात दाखवावी, रिपोर्टात नाही, एवढं मी त्यातून शिकलो.

किसन सुटला, त्या दिवशी मी तुरुंगाच्या दारात उभा होतो. "किसन, चुकलं माझं."

"हितं नको, साहेब," तो म्हणाला. "मला नेलं ते गावानं बघितलंय. तितं म्हना."

संध्याकाळी मारुतीसमोर माणसं जमली होती. रावसाहेबही होता. मी हात जोडले.

"तात्यांच्या अंगावर अळ्या होत्या. मी लपवल्या. तात्या गेले तेव्हा किसन गावात नव्हता. किसन, मला माफ कर."