अर्धवट भाजलेल्या कोटिंगचं पेटंट

हडपसरच्या शेडमध्ये आम्ही गाड्यांचे बंपर बनवायचो. काचेचे धागे आणि रेझिन साच्यात दाबून केलेला माल, वर पॉलिमरचं कोटिंग. बाजार खुला झाला, नव्या गाड्या आल्या आणि गिऱ्हाइकाला बंपर चकचकीत हवा झाला. पण भट्टीत मालाच्या पोटातली हवा बाहेर यायची आणि कोटिंगवर फोड उठायचे. आमच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइक कंपनीचे साहेब लॉटच्या लॉट परत पाठवायचे. वर म्हणायचे, "फोड हा या मालाचा स्वभावच आहे. त्याला औषध नाही. तेव्हा भाव उतरवा." मी टेबलावर हात आपटून भाव टिकवायचो.

एका खंडेनवमीला ऑर्डर अडली होती, म्हणून मी भट्टी चालूच ठेवली. बायको पूजेचं ताट घेऊन आली आणि तिनं सरळ बटण बंद केलं.

"अगं, आत माल अर्धाकच्चा आहे," मी ओरडलो.

"असू दे. हळदकुंकू लागल्यावर आज तिला हात लावायचा नाही. वर्षभर राबवताच की. आणि आवाज खाली घ्या, देवासमोर आहात."

दसऱ्यानंतर तो माल फेकायला माझा जीव होईना. त्याच कच्च्या कोटिंगवर दुसरा पातळ हात मारला आणि दोन्ही थर एकदम भाजले. एकही फोड नाही. हवा कच्च्या थरातून आधीच निघून गेली होती. मग मुद्दाम तसंच करून पाहिलं, बरेच महिने. जमत गेलं.

पेटंटच्या अर्जात संशोधक म्हणून मी दोघांची नावं घातली.

"माझं कशाला? मी नुसतं बटण बंद केलं," ती म्हणाली. संध्याकाळी मात्र बहिणीला फोनवर तेच रंगवून सांगत होती.

अर्जाला विरोध केला तो त्याच गिऱ्हाइक कंपनीनं. प्रतिज्ञापत्र त्याच साहेबांचं: ही युक्ती या धंद्यातल्या कुणालाही सहज सुचेल, यात शोध कसला?

"अहो, हाच माणूस औषध नाही म्हणायचा," मी वकिलांना म्हटलं.

"लेखी आहे?"

भाव पाडताना कोण लेखी देतं?

तारखा पडत राहिल्या. मधेच तिचं दुखणं निघालं. आमच्या वारज्याच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी पडून ती विचारायची, "आलं का हो ते आपल्या नावाचं?" मी म्हणायचो, येईल.

ती गेल्यावर निकाल आला. अर्ज नामंजूर. वकील म्हणाले, अपील करू. मी फी विचारली, सवयीनं घासाघीस केली, आणि ते तयार झाल्यावर नको म्हणालो.

पुढे एका लग्नाच्या पंगतीत साहेब शेजारी आले. त्यांना काय काय ऐकवायचं, हे मी कित्येक वर्षं मनात घोळवलं होतं.

"मनाला लावून घेऊ नका. धंदा आहे," ते म्हणाले. "वहिनी दिसत नाहीत?"

"गेली," मी म्हणालो. त्यांचा हात ताटावरच थांबला. मी न जेवताच उठलो.