लाल वायर

वायरचे रंग दशरथरावांना कुणी शिकवायची गरज नव्हती. कारखान्याच्या देखभाल खात्यात त्यांची हयात गेली होती. लाल म्हणजे फेज, करंट आणणारी, आणि काळी म्हणजे न्यूट्रल, हे त्यांना स्वतःच्या नावाइतकं पक्कं होतं. कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीत कुणी इलेक्ट्रिशियन बोलावला की हे न बोलावता मागे जाऊन उभे राहायचे आणि त्याच्या चुका काढायचे. लोक टाळायचे त्यांना, पण त्याची त्यांना फिकीर नव्हती.

त्यांची मुलगी दीक्षा कंपनीच्या कामासाठी जर्मनीत राहून आली, ती कणीक मळायचं एक जुनं यंत्र घेऊन. तिथल्या घरमालकीणबाईंनी निघताना दिलेलं, सगळं अंग पत्र्याचं. आईची बोटं संधिवाताने आखडतात म्हणून पोरीने ते धूड विमानातून वाहून आणलं. तिकडची पिन इथल्या सॉकेटमध्ये बसेना. खराडीला ऑफिसला निघताना दीक्षा म्हणाली, कुणाला तरी दाखवूया का? दशरथरावांना हा अपमान वाटला. ती लिफ्टमध्ये शिरायच्या आत त्यांनी जुनी पिन कापून टाकली.

आत तीन वायरी निघाल्या, लाल, काळी आणि राखाडी. राखाडी पाहून ते जरा अडले. मग लाल फेजला, काळी न्यूट्रलला, उरली ती अर्थिंगला, असं ठरवून त्यांनी नवी थ्री-पिन आवळली.

त्यांच्या बायकोने, प्रेमलाबाईंनी, यंत्रात पीठ आणि पाणी घातलं. ओटा ओला, फरशी ओली, पाय अनवाणी. दशरथरावांनी बटण दाबलं. यंत्र ढिम्म.

घरचा मिक्सर रुसला की प्रेमलाबाई त्याला एक चापट द्यायच्या आणि तो मुकाट चालू व्हायचा. त्यांनी हात उगारला. दशरथरावांच्या डोक्यात फ्यूज घोळत होता. निव्वळ सवयीने त्यांनी खिशातला टेस्टर काढून यंत्राच्या पाठीला टेकवला. टेस्टर पेटला. सगळ्या पत्र्यात करंट होता आणि चापट खाली येत होती.

त्यांनी कोपराने बायकोला असं ढकललं की ती फ्रिजवर आदळली. मग बटण बंद केलं.

"वेड लागलंय का तुम्हाला?"

त्यांनी पिन काढली आणि वायरी तपासायचा मीटर लावला. लाल वायर सरळ पत्र्याला जोडलेली होती. त्या परक्या जुन्या यंत्रात लाल हीच अर्थिंग होती.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "आत्ता तू गेली असतीस."

प्रेमलाबाईंनी खांदा चोळला. मग म्हणाल्या, नीट जोडा आता, पीठ तसंच भिजत पडलंय.

त्यांनी मीटरवर एकेक वायर तपासून पुन्हा जोडली. यंत्र घुमू लागलं. टेस्टर पेटला नाही. पालथा हात पत्र्याला लावून पाहिला, तरी काही नाही. पण प्रेमलाबाई पुढे झाल्या तसं दशरथरावांनी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"अहो, सोडा," त्या म्हणाल्या. "तुम्हीच जोडलंय ना?"

तेवढ्यासाठीच तर त्यांना ते सोडवेना.